राजीनामा आणि कबुलायत

मनमाडला ज्याचे बालपण गेले त्याला एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागत नाही. ती म्हणजे गाडी बदलणे. मुंबईहून भुसावळकडे जाणारी मोठी लाईन गेल्या शतकाच्याही आधी येथे आली. १८७८ साली दौंडचा फाटा तिला येऊन मिळाला. आणि ते शतक संपता संपता निजामाच्या मुलखातून, औरंगाबादवरून निघालेली लहान लाईन येथपर्यंत येऊन थांबली. दोन्ही लाइनींची रुंदी निराळी. एकीची वाघीण दुसरीवर चालणे शक्य नव्हते. माणसे आपल्या पायांनी गाडी बदलत. परंतु पोत्यांना आणि गठ्ठ्यांना पाय नसतात. ते हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जात. १९९० नंतर औरंगाबादकडची लाईन रुंद झाली आणि ती सारी धांदल संपली. पण माझ्या लहानपणी मनमाडचे अर्धे आयुष्य या चढ-उतारावर चालले होते.

माझे वडील तेथे मालबाबू होते. एका वाघिणीतून उतरलेली पोती आणि दुसरीत चढलेली पोती यांचा मेळ घालणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. ते सेवानिवृत्त झाले तेव्हाची आठवण मला पक्की आहे. शेवटचा दिवस होता शनिवार. पण बुधवारपासूनच ते आपल्या जागी येणाऱ्या तरुण बाबूला बरोबर घेऊन हिंडत होते. प्रत्येक वही, प्रत्येक किल्ली, अडून पडलेल्या मालाचा प्रत्येक कागद त्यांनी त्याला दाखवला. कोणता व्यापारी तोंडी कबूल करतो व मागाहून फिरतो, हेही हळूच सांगून ठेवले. चार्जच्या कागदावर दोन सह्या होत: एक देणाऱ्याची, एक घेणाऱ्याची. घरी आल्यावर टोपी खुंटीला अडकवीत ते आईला म्हणाले, "दुसरी सही झाली. आता मी सुटलो."

त्या वेळी या वाक्याचे मला हसू आले होते. पुढे ते हसू मला महाग पडले.

१९७१ साली मी एका कचेरीत कारकून होतो व भांडाराची नोंदवही माझ्याकडे असे. मास्तर व्हावे, इतिहास शिकवावा, ही हौस जुनी होती. अध्यापनाच्या वर्गाला प्रवेश मिळाल्याचे पत्र आले, आणि योगायोग असा की त्याच दिवशी वरिष्ठांनी चारचौघांत माझा पाणउतारा केला. झाले! मी एका कागदावर दोन ओळी लिहिल्या, किल्ल्या शेजारच्या टेबलावर टाकल्या आणि ताठ मानेने बाहेर पडलो. शेजारचा कारकून माझ्याहून गरीब आणि माझ्याहून भिडस्त. "तात्पुरत्या" म्हणून त्याने किल्ल्या उचलल्या आणि मोजदाद न करताच सही दिली. तीन महिन्यांनी मोजणी झाली. दोन पंखे आणि कागदांची काही रिमे कमी भरली. रक्कम त्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापली गेली. वस्तुतः त्या जिनसा कुठेही गेल्या नव्हत्या. मीच त्या दुसऱ्या गुदामात पाठवल्या होत्या. त्याची पावती माझ्या ट्रंकेत, जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात, वर्षभर स्वस्थ पडून होती.

हे सारे आज लिहिण्याचे कारण माझी भाची. पुण्याला एका संगणक कंपनीत ती आठ वर्षे आहे. यंदा दसऱ्याला मनमाडला आली आणि जेवता जेवता म्हणाली, "मामा, मी नोकरी सोडतेय. मूकबधिर मुलांना शिकवायचा अभ्यासक्रम करणार आहे." मला आनंद झाला. मग ती म्हणाली, "करारात तीन महिन्यांची नोटीस आहे. पण आमचे साहेब असे आहेत, की वाटते, एक पत्र टाकावे आणि दुसऱ्या दिवसापासून जाऊच नये. तुम्ही इतिहासाचे मास्तर. सांगा, मोठी माणसे नोकरी कशी सोडत?"

प्रश्न थट्टेचा होता. मला मात्र तो झोपू देईना. तिला जे सांगितले तेच येथे जरा विस्ताराने मांडतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'राजीनामा' हा फारसीतून आलेला शब्द. राजी म्हणजे संतुष्ट, संमत. नामा म्हणजे लेख. म्हणजे मुळात हे संमतीपत्र आहे. वादी-प्रतिवादींनी आपसांत तडजोड केली की कोर्टात राजीनामा देत. त्यात रागाचा संबंध नसे, उलट राग मिटल्याचा तो पुरावा असे. जमिनीच्या व्यवहारात हा शब्द आणखी बोलका झाला. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीत एखाद्या खातेदाराला जमीन दुसऱ्याच्या नावे करून द्यायची असली, की तो सरकारात राजीनामा देई आणि जमीन घेणारा कबुलायत लिहून देई. जुन्या दप्तरात हे दोन कागद जोडीनेच आढळतात. एक म्हणतो, मी सोडले. दुसरा म्हणतो, मी पत्करले. पहिला कागद दाखल झाला आणि दुसरा झालाच नाही, तर ती जमीन, तिचा सारा, तिचा बांध यांना वाली कोण? पुढे हा शब्द नोकरीला चिकटला तेव्हा जोडीतली कबुलायत मागे राहिली आणि एकटा राजीनामा पुढे आला. आपली सारी चूक, मला वाटते, तेथे झाली.

दुसरी चूक रामशास्त्र्यांच्या नावावर होते. बिचाऱ्या शास्त्रीबुवांचा त्यात दोष नाही. राजीनामा म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या पापाचा धनी राघोबादादा आहे असे ठरवून हा न्यायाधीश पुण्याचे न्यायासन सोडून वाईकडे निघून गेला. ती गोष्ट खरीच तेजस्वी. परंतु मालकावर खुनाचा आरोप सिद्ध होण्याचा प्रसंग किती जणांच्या नोकरीत येतो? आपल्याला साहेबाचे एक तिरके बोलणे लागते आणि आपण मनातल्या मनात रामशास्त्र्यांची पगडी चढवतो. १९७१ साली मीही ती चढवली होती. शिवाय आपण हेही विसरतो, की राघोबांची सत्ता गेल्यावर रामशास्त्री पुन्हा त्याच आसनावर येऊन बसले. त्यांचे भांडण आसनाशी नव्हते.

आता आपल्या अधिक जवळच्या काळाकडे येऊ. १८७९ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळाखात्यातील नोकरी सोडली. 'निबंधमाला' १८७४ पासून चालू होती. पुण्याहून त्यांची रत्नागिरीस बदली झालेली होती. सरकारी मास्तरकी सोडून स्वतःची शाळा काढणे म्हणजे त्या काळी विहिरीत उडी टाकण्यासारखेच. पण त्यांनी नुसती नोकरी सोडली नाही, तर पुढच्याच जानेवारीत, १८८० साली, पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभे केले. टिळक त्यांच्या बरोबर होते. आगरकर पाठोपाठ येऊन मिळाले. सोडण्याच्या आधी काय धरायचे ते ठरलेले होते. भाचीला मी म्हटले, "तुझे येथवर बरोबर आहे. साहेबाचा कंटाळा आला म्हणून तू निघालेली नाहीस, मुले दिसली म्हणून निघाली आहेस."

त्याच शाळेतून १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. थोड्या वेतनावर वीस वर्षे संस्थेची सेवा करायची, अशी तेथील आजीव सभासदांची शपथ. या शपथेच्या घरातून दोन माणसे बाहेर पडली, आणि त्यांच्या बाहेर पडण्याच्या रीती शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

पहिले टिळक. १८९० च्या अखेरीस त्यांनी सोसायटी सोडली. आजीव सभासदांनी आपला सर्व वेळ संस्थेस द्यावा, बाहेरची कामे व प्राप्ती यांच्या मागे लागू नये, हा त्यांचा आग्रह. आणि गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करल्यावर हा वाद विकोपास गेला. आगरकरांशी सामाजिक सुधारणेवरून झालेले मतभेद तर आधीपासूनच होते. या भांडणात कोणाची बाजू किती खरी, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. ती मी वाढवीत नाही. मला लक्षात घ्यावीशी वाटते ती एवढीच गोष्ट, की टिळकांनी दोन ओळींचा कागद टाकला नाही. त्यांनी सविस्तर लेखी निवेदन दिले, आणि ते ज्यांना देणे योग्य त्या आपल्या सहकाऱ्यांनाच दिले. कडवटपणा त्यात आहे. नाही असे नाही. परंतु आपण आयुष्याचे ध्येय सोडून चाललो आहोत हे दुःखही आहे, आणि दूर होऊनच संस्थेची सेवा अधिक घडेल, एवढेच काय ते समाधान असल्याचेही म्हटले आहे. पुढे 'केसरी' आणि 'मराठा' यांची वाटणी झाली तेव्हा पत्रांबरोबर त्यांच्यावरचे हजारो रुपयांचे कर्जही टिळकांनी आपल्या अंगावर घेतले. नवा संसार थाटताना जुन्या संसाराचे देणे दुसऱ्याच्या दारात ठेवले नाही.

दुसरे गोपाळ कृष्ण गोखले. एकोणीस-वीस वर्षांचे असताना ते या संस्थेत आले. गणित शिकवले, इंग्रजी शिकवले, इतिहास व अर्थशास्त्र शिकवले. कॉलेजच्या इमारतीसाठी दारोदार हिंडून वर्गणी गोळा केली. वेतन पाऊणशे रुपयांच्या घरातले. वरिष्ठ कायदे मंडळावर निवड झाल्यावर १९०२ च्या मार्चमध्ये त्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण कलकत्त्यास गाजले. अशा वेळी दुसरा एखादा म्हणाला असता, आता हे तास घेणे पुरे. गोखल्यांनी सुमारे अठरा वर्षांची सेवा रीतसर संपवली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात विद्यार्थ्यांचा निरोप घेतला.

त्या निरोपाच्या भाषणात त्यांनी एक गोष्ट सांगितली. समुद्रकाठी राहणारा एक सुखी माणूस: घर आहे, पिकणारी शेते आहेत, मायेची माणसे आहेत, परंतु समुद्राची त्याला विलक्षण ओढ. अखेर सर्वस्व होडीत घालून तो निघतो. दोनदा लाटा त्याला परत फेकतात. तिसऱ्या खेपेस समुद्र त्याला गिळून टाकतो. माझी स्थिती काहीशी अशीच आहे, असे गोखले म्हणाले. ज्या घरातून ते निघाले त्याला त्यांनी नावे ठेवली नाहीत. ज्या घरात सुखी होतो तेच सोडतो आहे, हे त्यांनी उघड सांगितले, आणि पुढे जय मिळेल अशी बढाईही मारली नाही. या कॉलेजची खरी किंमत इमारतीत नसून, स्वार्थ बाजूला ठेवून माणसे एका ऐहिक कार्यासाठी धर्माच्या निष्ठेने एकत्र येऊ शकतात या कल्पनेत आहे, हे मागे राहणाऱ्यांना त्यांनी बजावून सांगितले. जाणारा माणूस राहणाऱ्यांचे मोल वाढवून गेला. त्याच वर्षी रँग्लर परांजपे प्राचार्य झाले आणि संस्था चालत राहिली. तेरा वर्षांनी, १९१५ च्या फेब्रुवारीत, गोखल्यांचा अंत झाला. वय अवघे अठ्ठेचाळीस. समुद्राने आपले म्हणणे खरे केले म्हणायचे.

हे झाले लेखी कारणांचे आणि गोड निरोपाचे. राहिला हिशेब. त्यासाठी जरा दूर जातो. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर १७८३ च्या डिसेंबरात जॉर्ज वॉशिंग्टनने अ‍ॅनापोलिस येथे काँग्रेससमोर आपले सेनापतिपद परत केले. हा प्रसंग चित्रकारांनी रंगवला आहे. पण त्याच महिन्यात त्याने आणखी एक काम उरकले. युद्धात त्याने पगार घ्यायचा नाही, फक्त झालेला खर्च घ्यायचा, असे ठरवले होते; त्या साऱ्या वर्षांच्या खर्चाचा हिशेब त्याने स्वतःच्या हाताने लिहून खजिन्याकडे दिला. तलवार परत करण्यापेक्षा मला या वहीचेच अधिक कौतुक वाटते. आमच्या वडिलांना ती नक्की आवडली असती.

येथवर मी आलो तेव्हा भाचीने मला अडवले. ती म्हणाली, "मामा, ही सगळी सोडू शकणारी माणसे. ज्यांना सोडून जायला दुसरी जागाच नाही, त्यांचे काय?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला मनमाड सोडावे लागले नाही. १९३८ च्या फेब्रुवारीत याच गावी जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचे प्रसिद्ध प्रतिपादन याच भाषणातले. त्याच भाषणातला दुसरा भाग फारसा कोणी सांगत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, हे त्यांनी दाखवून दिले. पोर्टरची जागासुद्धा त्याला मिळत नाही. कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला वापरतो, आणि अस्पृश्य घरात कसा चालेल? कारकुनीची जागा नाही, कारखान्यातली बढतीची जागा नाही. ज्या लाइनीवर मी लहानपणी गाड्या पाहिल्या, त्या लाइनीची खडी पिढ्यान् पिढ्या सारखी करणाऱ्यांना गाडी बदलण्याची सोयच नव्हती. काम सोडून दुसरे धरणे हा हक्क आहे, आणि तो सर्वांना सारखा मिळालेला नाही. ज्याला मिळाला त्याने तो बेफिकिरीने वापरू नये, एवढे तरी यातून निघते. माझ्या किल्ल्या ज्याने उचलल्या, त्याला माझ्यासारखे ताठ मानेने निघून जाता आले नसते. घरी पाच माणसे खाणारी होती.

आणि सोडण्याची रीत पाहायची तर तीही बाबासाहेबांपाशीच पाहावी. हिंदू कोड बिल अडवले गेले. इतरही कारणे साठली होती. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा पंतप्रधानांकडे पाठवला व तो स्वीकारला गेला. पण अधिवेशन संपेपर्यंत काम पाहावे, ही पंतप्रधानांची विनंती संकेतास धरून त्यांनी मान्य केली. ज्या मंत्रिमंडळावर विश्वास उरला नाही त्याच्याच बाकावर ते आणखी काही दिवस बसले. १० ऑक्टोबरला लोकांपुढे कारणे मांडायला सभागृहात उभे राहायचे होते. निवेदनाच्या वेळेवरून व प्रतीवरून अध्यक्षस्थानाशी वाद झाला, तेव्हा ते बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. ते निवेदन म्हणजे मुद्देसूदपणाचा नमुना आहे. एकेक कारण क्रमाने मांडलेले. राग आहे, पण शब्द मोकाट नाहीत. रामशास्त्र्यांचा बाणा आणि मालबाबूचा चार्ज, दोन्ही येथे एकत्र दिसतात.

भाचीने सारे ऐकून घेतले. मग मला म्हणाली, "म्हणजे तीन महिने राहू?" मी म्हटले, "तीन महिने मी ठरवायचे नाहीत. ते तू सही करून कबूल केलेले आहेत. साहेबाला कारण सांग, लेखी सांग, आणि जेवढे सांगायचे तेवढेच सांग. तुझे काम कोणाच्या गळ्यात पडणार आहे, ते आधी पाहा. त्याला शेजारी बसव. ज्या गोष्टी फक्त तुझ्या डोक्यात आहेत त्या कागदावर उतरव. साहेब कसाही असो. चार्ज साहेबाला द्यायचा नसतो."

"मग कोणाला?"

तेव्हा मी तिला ट्रंकेतल्या पावतीची गोष्ट सांगितली. ती पावती हाती लागली त्या रविवारी मी त्या कारकुनाच्या घरी गेलो होतो. कापल्या गेलेल्या रकमेचे पैसे बरोबर नेले होते. त्याने ते घेतले नाहीत. पावती तेवढी घेतली. तिच्या जोरावर पुढे त्याचे पैसे कचेरीतून परत मिळाले. वर्ष-दीड वर्ष ज्या नजरा सोसल्या त्यांची भरपाई मात्र कोणी केली नाही. मला निरोप देताना तो दारात उभा राहून इतकेच म्हणाला, "तुम्ही एक दिवस थांबला असता तर बरे झाले असते."

भाची परवा पुण्याला परत गेली. काल तिचा फोन आला. तिच्या जागी येणारी मुलगी ठरली आहे, सोमवारपासून ती शेजारी बसणार आहे. मी तिला विचारले नाही, तिनेच आपण होऊन सांगितले, "मामा, दुसरी सही झाल्यावरच निघेन."